व्यापारविद्येच्या वाटेवरचें महाळुंगें

पुणें जिल्ह्यांत महाळुंगें या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. चाकणच्या बाजूचें महाळुंगें-इंगळे निराळें आणि मुळा नदीच्या कांठचें, मुळशी तालुक्यांतलें महाळुंगें निराळें. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस नेणार आहों तें या दुसऱ्या महाळुंग्यास. महाळुंग म्हणजे जाड सालीचें, थोर आकाराचें लिंबू. करवीरनिवासिनी महालक्ष्मीच्या उजव्या हातांत जें फळ आहे तें महाळुंगच होय. द्रव्य कसें मिळवावें, कसें राखावें आणि अनेकांच्या हातून एखादें मोठें काम कसें पार पाडून घ्यावें, याचें आतां एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. त्या शास्त्राच्या पाठशाळा पुण्याच्या वायव्येस ज्या पट्ट्यांत दाटीनें वसल्या आहेत, त्याच पट्ट्यांतील एका गांवाचें नांव लक्ष्मीच्या हातांतील फळाशीं जुळावें, हा योग आम्हांस मोठ्या मौजेचा वाटला.

गेल्या भाद्रपदांत गौरी-गणपतींच्या निमित्तानें आम्ही उभयतां तेथें चार दिवस राहून आलों. आमचे एक जुने स्नेही सदाशिव पेठेंतील आपला वाडा पडल्यावर तिकडे राहावयास गेले. एकाच मजल्यावरील दोन बिऱ्हाडें घेऊन त्यांनीं मधली भिंत काढून टाकली व वाड्यांतील चुलीप्रमाणें येथेंही एकच चूल ठेविली. घरांत त्यांच्या नव्वदीला टेकलेल्या मातुःश्री, ते स्वतः व त्यांची पत्नी, थोरले चिरंजीव व सूनबाई, चार वर्षांची नात आणि धाकटे चिरंजीव अशी माणसें आहेत. आमच्या स्नेह्यांस घरांत व बाहेर सर्व जण अप्पा म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणूं.

पुण्याहून महाळुंग्यास जाणारा रस्ता लक्ष देऊन पाहिला तर व्यापारविद्येचा इतिहासच त्यावर मांडलेला दिसतो. गणेशखिंडींतील विद्यापीठ १९४९ सालचें. त्याच्या आवारांत १९७१ सालीं व्यवस्थापनशास्त्राचा विभाग निघाला. त्याच १९७१ सालीं डॉ. शां. ब. मुजुमदार यांनीं सिंबायोसिस संस्था काढली व १९७८ सालीं तिची व्यवस्थापन शिकविणारी शाळा निघाली. ती बरीच वर्षें सेनापति बापट रस्त्यावर होती. आतां मुळशी तालुक्यांतच लवळ्याच्या टेकडीवर आहे. बाणेर मागें टाकून बालेवाडीस आलें कीं विम्याचें शास्त्र शिकविणारी राष्ट्रीय विमा अकादमी लागते. तिची स्थापना १९८० ची. तिच्याजवळच बांधकामाचें व्यवस्थापन शिकविणारी ‘निकमार’ ही संस्था आहे. ती १९८३ सालीं निघाली. मुंबई-बंगळूर हमरस्ता ओलांडला म्हणजे महाळुंगें-बालेवाडीची श्रीशिवछत्रपति क्रीडानगरी दिसते. १९९४ सालचे राष्ट्रीय खेळ येथें झाले व २००८ सालीं राष्ट्रकुलांतील तरुणांचे खेळही येथेंच झाले. तिच्यापुढें महाळुंगें, आणि मुळेच्या पलीकडच्या तीरावर हिंजवडीची संगणकनगरी. तेथेंही सिंबायोसिसची आणखी एक व्यवस्थापनशाळा आहे.

गांव म्हणावें असें आतां थोडेंच उरलें आहे. २०२१ सालीं महाळुंगें पुणें महापालिकेंत गेलें. जुन्या गांवठाणांतील बैठ्या घरांच्या पाठीमागें वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत व त्यांच्या मधून मधून एखादें हिरवें खाचर भाद्रपदाच्या उन्हांत चमकतांना दिसतें. मुळशी म्हटलें कीं आमच्या पिढीस आंबेमोहोर तांदूळ आठवतो. येथील नव्या रहिवाशांस हिंजवडीची कचेरी आठवते. नागपूर, कोल्हापूर, नांदेड, बेळगांव अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेलीं तरुण माणसें येथें राहतात, दिवसभर संगणकापुढें बसतात आणि त्यांतलीं पुष्कळ रात्रीं जेवणें झाल्यावर पुन्हां पुस्तकें उघडून बसतात. रात्रीं अकरा वाजतां अप्पांच्या सज्जांत उभें राहून पाहिलें तर समोरच्या इमारतींत ओळीनें दिवे जळत असतात. ‘हे सगळे कॅटवाले,’ अप्पा आम्हांस म्हणाले, ‘आणि आमच्या घरांत दोघे आहेत.’

त्या दोघांविषयींच पुढें लिहावयाचें आहे. कारण आज शिकलेल्या बहुतेक घरांत हा प्रश्न केव्हां ना केव्हां येतो, आणि त्याचा विचार अप्पांच्या घरीं ज्या रीतीनें झाला ती रीत आमच्या वाचकांच्या उपयोगीं पडण्यासारखी आहे.

धाकटे चिरंजीव चोवीस वर्षांचे. दहावी, बारावी व अभियांत्रिकीची पदवी या तिन्ही परीक्षांत उत्तम गुण. हिंजवडींत दोन वर्षें नोकरी. आदल्या वर्षीं त्यांनीं कॅटची परीक्षा दिली होती व त्यांना शहाण्णव पर्सेंटाईल मिळालें होतें. तरी अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर यांपैकीं एकाही ठिकाणाहून मुलाखतीचें बोलावणें आलें नाहीं, आणि त्यामुळें घरांत सर्वांना आश्चर्य वाटलें. सूनबाई एकतीस वर्षांच्या. सहा वर्षें सॉफ्टवेअरच्या एका कंपनींत काम करून आतां आठ-दहा जणांच्या तुकडीच्या प्रमुख झालेल्या. बारावीच्या वर्षीं वडिलांचें मोठें आजारपण निघाल्यामुळें त्या परीक्षेंत त्यांचे गुण बेताचे. त्यांनीं कोणास न सांगतां जीमॅट ही परीक्षा दिली होती व तींत त्यांना ६५५ गुण होते. या परीक्षेचें मोजमाप २०५ पासून ८०५ पर्यंत असतें, म्हणजे हे गुण चांगलेच म्हणावयाचे. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ही गोष्ट सासूबाईंना सांगितली, सासूबाईंनीं अप्पांना सांगितली, आणि अप्पांनीं सायंकाळीं चहाच्या वेळीं ती सर्वांपुढें मांडली.

अडचण पैशाची होती व ती खरी होती. नामांकित संस्थांपैकीं कित्येकांची फी आज पंचवीस लाखांच्या पुढें जाते. कर्ज मिळतें, परंतु तें फेडावेंही लागतें. आणि राहत्या जागेचे हप्ते चालू असतांना एकाच वर्षीं घरांतील दोन माणसांनीं नोकरी सोडून शिकावयास जाणें त्या घरास झेपणारें नव्हतें. म्हणजे दोघांपैकीं एकानेंच यंदा जावयाचें. सणासाठीं आलेले एक वडील काका चटकन् म्हणाले, ‘मग त्यांत विचार कसला? मुलगा जाईल. सूनबाईंनीं लेकरूं टाकून जायचें कीं काय?’ सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्या कप गोळा करूं लागल्या. अप्पा मात्र म्हणाले, ‘काका, मी पस्तीस वर्षें बँकेंत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदार कोण हें पाहून मीं कधीं अर्ज बाजूला सारला नाहीं. आधीं अर्ज वाचला. हे दोन्ही अर्ज मी वाचतों, मग बोलूं.’

अप्पांची रीत फार सोपी आहे. बँकेपुढें कोणीही कर्ज मागावयास आला तर पांच गोष्टी विचारावयाच्या: आजपर्यंतचा हिशेब कसा आहे? हातून काय उभें राहिलें आहे? त्याची ग्वाही कोण देतो? पैसा कशासाठीं पाहिजे? आणि तो परत कसा फिटणार? व्यापारविद्येची मोठी पाठशाळाही अर्जदारास हेंच विचारते, फक्त तिचे शब्द निराळे असतात. गुणपत्रकें व प्रवेशपरीक्षा म्हणजे मागचा हिशेब. नोकरींतलें व नोकरीबाहेरचें कर्तृत्व म्हणजे उभें राहिलेलें काम. शिफारसपत्रें म्हणजे ग्वाही. निबंध म्हणजे हेतु. आणि पुढचा बेत म्हणजे परतफेड. अप्पांनीं एका ताव कागदावर पांच ओळी आखल्या, दोघांचीं दोन सदरें केलीं व प्रत्येक घरांत ‘बदलतां येईल’ किंवा ‘बदलतां येणार नाहीं’ असें लिहिलें.

पहिल्या ओळींतच धाकट्या चिरंजीवांच्या आश्चर्याचा उलगडा झाला. पर्सेंटाईल म्हणजे शेंकडा गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकीं शेंकडा किती जण आपल्या खालीं आहेत, तो आंकडा. कॅटला हल्लीं अडीच ते तीन लाख विद्यार्थी बसतात. शहाण्णव म्हणजे वर चार टक्के उरले, अर्थात् दहा-बारा हजार जण. आणि अहमदाबादच्या मुख्य द्विवर्षीय अभ्यासक्रमांत जागा सुमारें चारशें. शिवाय या संस्था केवळ त्या एका परीक्षेवर बोलावणें धाडीत नाहींत. दहावीपासूनचे गुण, पदवी, नोकरीचा काळ यांनाही त्या आपापल्या प्रमाणानें वजन देतात. अहमदाबाद व कलकत्ता येथील संस्था १९६१ सालच्या, बंगळूरची १९७३ ची, आपल्या नागपूरची २०१५ ची. आणि पवईची जुनी औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था २०२३ पासून याच मालिकेंत आली आहे. प्रत्येकीचें वजनमाप निराळें असतें व तें प्रसिद्ध केलेलें असतें. अर्ज भरण्यापूर्वीं तें वाचून आपला आंकडा कोठें बसतो हें पाहावें, एवढी साधी गोष्ट पुष्कळ हुशार मुलें करीत नाहींत. धाकट्या चिरंजीवांचे जुने गुण बदलावयाचें कारण नव्हतें. कॅटच्या तीन विभागांस हल्लीं चाळीस-चाळीस मिनिटें असतात. त्यांपैकीं भाषेच्या विभागांत ते मागें पडत होते, आणि तें वाचनानें सुधारण्यासारखें होतें. परंतु वाचनाची संवय महिन्या-दोन महिन्यांत लागत नाहीं. तिला वर्ष द्यावें लागतें.

सूनबाईंच्या सदरांत बारावीचे गुण ‘बदलतां येणार नाहीं’ म्हणून लिहिले गेले. पण सहा वर्षांच्या नोकरीनंतर जे एका वर्षाचे अभ्यासक्रम खुले होतात त्यांत बारावीला तितकें महत्त्व उरत नाहीं, हें अप्पांनीं त्या संस्थांचीं माहितीपत्रकें वाचून काढलें. अहमदाबादनें असा अभ्यासक्रम २००६ सालीं सुरू केला. त्यास निदान चार वर्षांचा अनुभव लागतो व जीमॅटचे गुण चालतात. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१ पासून एका वर्षाचा अभ्यासक्रम शिकविते. म्हणजे मुलगा गेला तर दोन वर्षें व सून गेली तर एक वर्ष, हा हिशेब कागदावर आपोआप उमटला. काकांनीं तो चष्मा पुसून दोनदां वाचला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अप्पांनीं आम्हां सर्वांस लवळ्याच्या टेकडीकडे नेलें. महाळुंग्याहून नांद्यावरून रस्ता आहे. पाऊस नुकताच उघडला होता व दोन्ही बाजूंस भाताचीं रोपें पोटरीला येऊन उभीं होतीं. वर गेल्यावर मुळेचें वळण, पलीकडच्या कांचेच्या इमारती आणि पश्चिमेस सह्याद्रीची निळी रेघ एकदम नजरेंत येते. सिंबायोसिसची स्वतःची ‘स्नॅप’ ही परीक्षा असते. ती एका मोसमांत तीनदां देतां येते व त्यांतले उत्तम गुण धरले जातात. पुढें गटचर्चा, लेखन व मुलाखत. पायऱ्यांवर बसलेल्या एका विद्यार्थिनीस आम्हीं विचारलें, ‘बाई, मुलाखतींत काय विचारलें?’ ती हंसून म्हणाली, ‘काका, मी अर्जांत जें लिहिलें होतें तेंच. पण दहा बाजूंनीं.’ या उत्तरांत पुष्कळ शहाणपण आहे. अर्जांतलें प्रत्येक वाक्य पुढें तोंडानें निभावून न्यावें लागतें. उसनें वाक्य तेथें उघडें पडतें.

धाकट्या चिरंजीवांनीं आपला निबंध अप्पांस टेकडीवरच वाचावयास दिला. इंग्रजी निर्दोष होतें. त्यांत नेतृत्व होतें, दृष्टि होती, जगावर ठसा उमटविण्याची आकांक्षा होती. नव्हते ते फक्त चिरंजीव. हल्लीं यंत्रास दोन ओळींची आज्ञा केली कीं असा निबंध क्षणांत हातीं येतो, आणि तो असाच आलेला होता. अप्पा रागावले नाहींत. त्यांनीं कागद घडी करून परत दिला व मुळेच्या वरच्या अंगास बोट दाखविलें. ‘हें पाणी कोठून येतें, सांग पाहूं.’ ‘मुळशीच्या धरणांतून.’ ‘आणि तें धरण कोणीं बांधलें?’

मग टेकडीवरून उतरतां उतरतां त्यांनीं मुळशीच्या सत्याग्रहाची हकीकत सांगितली. टाटांच्या वीज कंपनीनें मुंबईच्या गिरण्यांस व शहरास वीज पुरविण्यासाठीं मुळेवर धरण बांधावयास घेतलें. पाण्याखालीं मावळ्यांचीं गांवें व तीं भाताचीं खाचरें जाणार होतीं. १९२१ सालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला व पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले; ‘सेनापति’ ही पदवी त्यांच्या नांवाला लागली ती तेथूनच. सत्याग्रह हरला, धरण झालें, मुंबईस वीज मिळाली. ‘ज्या रस्त्यावर तुझी ही शाळा आधीं होती, त्या रस्त्याला त्यांचें नांव आहे,’ अप्पा म्हणाले. ‘वीज हवी होती, हेंही खरें, शेतें गेलीं, हेंही खरें. लाभ कोणाचा व हानि कोणाची, हें एका कागदावर मांडणारा माणूस त्या वेळीं कंपनींत कोणी होता कीं नाहीं, तें तूं शोध. आज आपल्या खिडकीखालीं जीं खाचरें बुजताहेत त्यांचा कागद कोण मांडतो, तेंही शोध. तुला हें शास्त्र कशासाठीं शिकायचें, तें मग लिही.’ चिरंजीव वाटभर गप्प होते.

निबंधाविषयीं आम्हांस आपल्याच इतिहासांतील एक उदाहरण आठवलें व तें आम्हीं त्या रात्रीं घरांत सांगितलें. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. वय अठरा, हातीं मोठी पदवी नाहीं, इंग्रजी शिक्षण बरेंचसें घरीं झालेलें. त्या पत्रांत त्यांनीं आपल्या तयारींतील उणीव लपविली नाहीं. आपण कोणता विरोध सोसून आलों व आपल्या देशांतील स्त्रियांना स्त्रीवैद्याची किती गरज आहे, हें त्यांनीं साध्या शब्दांत सांगितलें. डीन रेचेल बॉडली यांच्या महाविद्यालयानें त्यांस प्रवेश दिला व १८८६ च्या मार्चमध्यें त्या डॉक्टर झाल्या. आयुष्य त्यांना त्यापुढें वर्षभरच लाभलें, हें दुःख निराळें. अर्ज म्हणून पाहिलें तर त्या पत्रांत अप्पांच्या पांचही प्रश्नांचीं उत्तरें सांपडतात.

हें ऐकून अप्पांच्या मातुःश्री, ज्यांना सर्व जण आजी म्हणतात, एकदम म्हणाल्या, ‘मग सूनबाईनें ती पाण्याची वही अर्जांत लिहिली आहे का?’

कोणास कांहीं कळेना. तेव्हां उलगडा झाला तो असा. या भागांतल्या पुष्कळ इमारतींस टँकरचें पाणी विकत घ्यावें लागतें. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या सोसायटींत या पाण्यावरून रोज भांडणें होत. सूनबाईंनीं रखवालदाराच्या चौकींत एक वही ठेविली. टँकर केव्हां आला, किती भरला, पैसे किती दिले, हें प्रत्येक वेळीं लिहून घ्यावयास लाविलें. दोन महिन्यांची वही त्यांनीं सभेपुढें ठेविली. तींतून टँकर अर्धवट भरून येतात व पाणी कांहीं ठराविक वेळींच वायां जातें, हें सर्वांस आंकड्यांनीं दिसलें. मग घरोघरीं मीटर बसवावे असा ठराव त्यांनीं मांडला. विरोध झाला; त्या एकेका घरीं जाऊन बसल्या; दुसऱ्या सभेंत ठराव झाला. टँकर कमी झाले व भांडणेंही कमी झालीं. अर्जाच्या कागदांत या सर्वाचा एक शब्दही नव्हता. ‘तें घरचें काम, आजी. नोकरीचें थोडेंच आहे?’ सूनबाई म्हणाल्या. आजींनीं विचारलें, ‘ज्यांचा पगार तुझ्या हातांत नाहीं अशा दोनशें घरांकडून तूं काम करून घेतलेंस. मग कचेरींत तरी दुसरें काय करतेस?’

ज्या शाळेस माणसें चालवावयाचें शास्त्र शिकवावयाचें आहे, तिला नेमकें हेंच पाहावयाचें असतें. आमच्या शिकलेल्या बायकांस घरांत व शेजारांत केलेलें काम कामांत धरावयाची संवय नाहीं, आणि पुरुषांस तर तें दिसतच नाहीं. अर्ज बळकट करणें म्हणजे नवी प्रमाणपत्रें गोळा करणें अशी समजूत सर्वत्र आहे. येथें बळकटी घरांतच पडून होती. आजींनीं ती वर काढली.

शिफारसपत्राविषयीं मात्र सूनबाईंनीं एक चांगला म्हटलेला सल्ला उलटा घेतला होता. कोणीतरी त्यांस मोठ्या अधिकाऱ्याचें पत्र आणावयास सांगितलें होतें व त्यांनीं कंपनीच्या एका उपाध्यक्षांचें नांव घातलें होतें. ते त्यांना वर्षांत दोनदां भेटत. अप्पांनीं विचारलें, ‘हे गृहस्थ तुमच्या कामांतली एक चूक व एक सुधारणा सांगूं शकतील का?’ उत्तर नाहीं असेंच होतें. डॉ. आंबेडकर १९१६ सालीं कोलंबियाहून लंडनला निघाले तेव्हां प्राध्यापक सेलिगमन यांनीं सिडनी वेब यांच्या नांवें त्यांस परिचयपत्र दिलें होतें. त्या पत्राची किंमत सेलिगमन यांच्या नांवानें वाढली असेल; पण त्याच्या मुळाशीं हें होतें, कीं सेलिगमन यांनीं त्यांना वर्गांत शिकविलें होतें व त्यांचें काम स्वतः पाहिलें होतें. सूनबाईंनीं उपाध्यक्षांऐवजीं रोज ज्यांच्या हाताखालीं काम करतात त्या बाईंचें नांव घातलें, आणि दुसरें पत्र पूर्वीच्या एका वरिष्ठांचें घेतलें. दोघांसही त्यांनीं आपल्या कामाचें एक पानभर टिपण दिलें. पत्रें लिहावयास महिन्याचा अवधि दिला.

शेवटची ओळ परतफेडीची. शिकून पुढें काय करावयाचें, या प्रश्नास धाकट्या चिरंजीवांचें उत्तर ‘मोठ्या सल्लागार कंपनींत नोकरी’ असें होतें. सूनबाईंचें उत्तर नगरांच्या पाण्याचा हिशेब ठेवणारा व्यवसाय उभारावयाचा, असें निघालें. पाण्याची वही वर आल्यावर हें उत्तर त्यांना स्वतःलाच प्रथम इतकें स्पष्ट दिसलें. कर्ज त्यांच्या नांवावर काढावयाचें, हप्ते नोकरी लागल्यापासून त्यांनीं व थोरल्या चिरंजीवांनीं मिळून भरावयाचे, असें ठरलें. नातीचा प्रश्न आजींनींच सोडविला. ‘या घरांत तिला सांभाळायला चौघें आहेत. एक वर्ष काय, आम्ही नाहीं का मुलें वाढविलीं?’ असें त्या म्हणाल्या. मूल आईवांचून राहील तें दुःख कोणीं नाकारलें नाहीं. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेंच. पण एकत्र कुटुंबाचा उपयोग काय, असें हल्लीं जे विचारतात, त्यांना आम्ही त्या संध्याकाळचा हा प्रसंग सांगूं.

धाकटे चिरंजीव एक दिवस कोणाशीं फारसे बोलले नाहींत. यंदा आपण थांबावें हें त्यांस पटलें होतें, पण रुचलें नव्हतें. चोविसाव्या वर्षीं तें रुचतही नाहीं. अनंतचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं ते वहिनींच्या शेजारीं खुर्ची घेऊन बसले आणि त्यांच्या निबंधांतले नको ते शब्द काढूं लागले. ‘वहिनी, हें वाक्य तुमचें नाहीं, हें माझ्या यंत्राचें दिसतें,’ ते म्हणाले, आणि दोघेही हंसले. कॅटचे गुण एकाच वर्षापुरते चालतात, जीमॅटचे पांच वर्षें. म्हणून त्यांनीं आतां सवडीनें जीमॅट द्यावयाचें ठरविलें आहे. दरम्यान ते रोज इंग्रजी व मराठी दोन्ही वाचतात, आणि मुळशीच्या धरणाविषयीं मिळेल तें जमवीत आहेत. सूनबाईंचे अर्ज वेळेवर गेले. निकाल हा लेख लिहीपर्यंत आलेला नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रसंग असेल त्यांनीं एक संध्याकाळ यासाठीं राखून ठेवावी. घरांतील सर्वांनीं बसावें, लहानथोर सर्वांस बोलूं द्यावें, व अप्पांच्या पांच ओळींचा कागद पुढें घ्यावा. जें बदलत नाहीं त्यावर वेळ घालवूं नये. कमी गुणांचें खरें कारण असेल तर तें एका वाक्यांत सांगून पुढें जावें. संस्था निवडतांना तिचें नांव पाहण्याआधीं तिचें वजनमाप पाहावें. शिफारस जवळून पाहणाऱ्याची घ्यावी. निबंध स्वतः लिहावा व तो घरांतील अशा माणसाकडून वाचवून घ्यावा, जें अर्जदारास लहानपणापासून किंवा माप ओलांडल्यापासून ओळखतें. त्यांत नसलेलें माणूस कोणतें, हें तें तत्काळ सांगतें. आणि फीचा आंकडा पहिल्याच दिवशीं सर्वांपुढें ठेवावा, कारण तो झांकून ठेवल्यानें घरांत पुढें कडवटपणा येतो.

महाळुंग्यास जाणाऱ्यांनीं शक्य तर पाऊस संपतां संपतां जावें. सकाळीं क्रीडानगरीच्या बाजूनें फिरावें, दुपारीं नांद्यावरून लवळ्याची टेकडी पाहावी आणि संध्याकाळीं नदीकडे उतरावें. पुणें शहरांतून येथें यावयास गर्दीच्या वेळीं तासाहून अधिक लागतो, म्हणून सकाळीं लौकर निघावें. खाचरें दरसाल थोडीं थोडीं कमी होत आहेत. जीं उरलीं आहेत तीं भाद्रपदांत अजून हिरवीं असतात.